एकच रोमकॉम: इकडे थेटरात, तिकडे घरच्या टीव्हीवर. असं का?

अनघा_लेस्टर

नमस्कार मंडळी,

२०२५च्या फेब्रुवारीत, ऐन व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात, आम्ही मैत्रिणी 'ब्रिजेट जोन्स' या रोमकॉम, म्हणजे रोमँटिक कॉमेडी, सिनेमांच्या मालिकेचा चौथा भाग बघायला गेलो होतो. थेटर खच्चून भरलेलं. पंचविशीतल्या मुली, साठी ओलांडलेल्या बायका, सोबत ओढून आणलेले काही नवरे. सगळे एकाच जागी हसत होते आणि एकाच जागी डोळे पुसत होते. घरी आल्यावर न्यूजर्सीच्या मावसबहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, मीपण आत्ताच संपवला. सोफ्यावर बसून." अमेरिकेत हा सिनेमा थेटरात लागलाच नाही. १३ फेब्रुवारीला तो तिथे थेट पीकॉक या ओटीटीवर आला. ब्रिटनमध्ये मात्र त्याच दिवशी मोठ्या पडद्यावर लागला, आणि पहिल्या शनिवार-रविवारी इथला रोमँटिक कॉमेडीचा विक्रम मोडला.

सिनेमा एक, कंपनीही एकच, युनिव्हर्सल. मग हा फरक का? २०१६च्या तिसऱ्या भागाचे आकडे बघितले की उलगडा होतो. त्याने जगभरात सुमारे २१ कोटी डॉलर कमावले, त्यात अमेरिकेचा वाटा अडीच कोटींच्याही आत. एकट्या ब्रिटनने सुमारे ४ कोटी ८० लाख पौंड दिले. अमेरिकेसारख्या देशात सिनेमा सगळीकडे लावायचा तर नुसत्या जाहिरातीलाच काही कोटी डॉलर लागतात. तेवढे परत येतील याची खात्री नसेल तर तिथे तो आपल्याच ओटीटीला द्यायचा आणि जिथे प्रेक्षक जीव टाकतो तिथे थेटरात लावायचा, असा हा हिशोब आहे.

मला यावर बोलायचंय, कारण माझ्या मते रोमकॉम हा सिनेमाचा सगळ्यात स्थानिक प्रकार आहे. गाड्या उडाल्या की त्या सगळीकडे सारख्याच उडतात. पण मुलाने मुलीच्या आईसमोर काय बोलावं, किती बोलावं आणि कुठे गप्प बसावं, यातली गंमत दर दोनशे मैलांवर बदलते. त्यामुळे एकच पोस्टर, एकच ट्रेलर आणि एकच तारीख घेऊन जगभर फिरता येत नाही. दुसरी गोष्ट, हे सिनेमे एकमेकांना सांगून चालतात. मैत्रीण मैत्रिणीला सांगते, मग ती बहिणीला घेऊन जाते. त्याला वेळ लागतो. पहिल्या सोमवारी आकडे बघून जो वितरक हात आखडता घेतो, तो या प्रकारच्या सिनेमाचं नुकसान करतो असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडची उदाहरणं लिहा. कोणत्या देशात काय बघितलंत, कसं पोचलं तुमच्यापर्यंत?

---

मिलिंद_एडिसन

अनघाताई, वेळ लागण्याबद्दल शंभर टक्के सहमत. 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग'हून मोठा पुरावा नाही. १९ एप्रिल २००२ला तो अमेरिकेत लागला तेव्हा फक्त १०८ थेटरांत होता. खर्च ५० लाख डॉलर. नायिकेनेच लिहिलेल्या एकपात्री प्रयोगावरून केलेला. तो प्रयोग अभिनेत्री रीटा विल्सनने पाहिला, तिचं स्वतःचं कुटुंब ग्रीक. तिने आणि तिचा नवरा टॉम हँक्सने मिळून तो पडद्यावर आणला.

प्रसिद्धी कुठून सुरू केली? ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च, ग्रीक मंडळं, त्यांचे उन्हाळी मेळावे. आधी ग्रीक आजीआजोबा गेले, मग त्यांचे इटालियन शेजारी, मग ज्यांच्या घरात पन्नास नातेवाईक न विचारता येतात असे सगळेच. ऑगस्ट संपून सप्टेंबर लागताना, म्हणजे चार महिन्यांहून जास्त काळ चालल्यावर, त्याची गर्दी शिगेला पोचली होती. शेवटी अमेरिकेत २४ कोटी डॉलर झाले, आणि एकाही शनिवार-रविवारी तो पहिल्या क्रमांकावर नव्हता.

२०१६ला दुसरा भाग आला, तो पहिल्याच दिवशी तीन हजारांहून जास्त थेटरांत. अमेरिकेतली एकूण कमाई सहा कोटींच्या आत. कथाही तितकी जमली नव्हती हे मान्य, पण कुजबुज वाढायला जागाच ठेवली नव्हती.

---

थेटरवाला_काका

धागा आवडला. आमचं सातारा जिल्ह्यात एक पडद्याचं थेटर आहे, वडिलांपासून. थोडं आमच्या बाजूनेही लिहितो.

"थेटरवाले दुसऱ्या आठवड्यात शो उतरवतात" अशी तक्रार नेहमी ऐकतो. मल्टिप्लेक्सचा हिशोब बघा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठा संप झाला, दोन महिने मल्टिप्लेक्समध्ये नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत. त्यानंतर ठरलं की तिकिटांच्या उत्पन्नातले वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थेटराचा वाटा वाढतो. हळूहळू वर येणारा सिनेमा खरं तर थेटरवाल्याच्याच फायद्याचा!

मग शो का उतरतात? कारण दर शुक्रवारी नवा सिनेमा दारात उभा असतो आणि त्याच्या वितरकाला अमुक इतके शो हवेच असतात. नाही म्हटलं तर पुढचा मोठा सिनेमा तो आपल्याला देईल का, ही धास्ती. त्या ओढाताणीत लहान सिनेमाला दुपारी बाराचा शो मिळतो. आता प्रेमाची गोष्ट बघायला जाणारी जोडपी आणि कुटुंबं दुपारी बाराला मंगळवारी कशी येणार? शो रिकामा गेला की "चालत नाही" असा शिक्का. मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळावा म्हणून २०१५ साली सरकारला लक्ष घालावं लागलं ते उगाच नाही.

आमच्याकडे 'टाइमपास' २०१४च्या जानेवारीत लागला तेव्हाची गोष्ट मी विसरणार नाही. कॉलेजची पोरं पुन्हा पुन्हा यायची, संवाद पडद्याच्या आधी म्हणायची. वर्षाचा पहिला शुक्रवार, समोर मोठा हिंदी सिनेमा नाही. तारीख निवडणाऱ्याने डोकं लावलं होतं.

---

ओवी२२

काका, भारीच माहिती. मला मल्टिप्लेक्सचा हा हिशोब अजिबात माहीत नव्हता.

अलीकडचं उदाहरण मी देते. 'एनीवन बट यू'. २२ डिसेंबर २०२३ला अमेरिकेत लागला, पहिल्या शनिवार-रविवारी फक्त ६० लाख डॉलर. सगळे म्हणाले, आटोपला. दुसऱ्या आठवड्यात कमाई वाढली, तिसऱ्यात आणखी वाढली! शेवटी अमेरिकेत ८ कोटी ८० लाख आणि जगभरात २२ कोटी. खर्च होता अडीच कोटी. यात टिकटॉकचा मोठा हात. सिनेमात नताशा बेडिंगफील्डचं एक जुनं गाणं आहे, लोक थेटरातून बाहेर पडताना त्यावर नाचत व्हिडिओ टाकायला लागले. कंपनीने त्या लाटेला खतपाणी घातलं. आपल्याकडे टिकटॉकवर २०२०पासून बंदी, त्यामुळे माझ्यापर्यंत ते सगळं इन्स्टाग्रामच्या रील्समधून आलं.

नायक-नायिकेच्या प्रेमप्रकरणाची अफवाही जोरात होती. आपण ती मुद्दाम विझू दिली नाही, प्रसिद्धीचा भाग म्हणून, असं दोघांनी नंतर सांगितलं. मला हे थोडं खटकतं. प्रेक्षकाच्या भावनेशी खेळल्यासारखं वाटतं.

---

रश्मी_हाँगकाँग

ओवी, त्या खटकण्यावर फिलिपिन्सचा अनुभव सांगते. तिथे "लव्ह टीम" हीच प्रसिद्धीची रीत आहे, आणि खूप जुनी. जोडी आधी मालिकेत जमवतात, मग रविवारच्या कार्यक्रमांत, जाहिरातींत, मॉलमधल्या भेटींत एकत्र फिरवतात. सिनेमा येईपर्यंत लोकांनी त्या जोडीचं मनातल्या मनात लग्न लावलेलं असतं. जोडीतल्या दोघांना स्वतःचं वेगळं आयुष्य जगणं अवघड होतं, हे तुझं खटकणं योग्यच आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळं. २०१९ला 'हेलो, लव्ह, गुडबाय' आला. हाँगकाँगमध्ये घरकाम करणारी फिलिपिनो मुलगी आणि तिथलाच बारटेंडर, यांची गोष्ट. इथे रविवारी सेंट्रल भागात जाऊन बघा. पुलांवर, इमारतींच्या खाली, पुठ्ठे अंथरून हजारो फिलिपिनो बायका आपली आठवड्याची एकुलती एक सुट्टी घालवत असतात. सिनेमा त्यांच्यावर होता, आणि तो त्यांच्यापर्यंत आणलाही गेला. त्या बायका आपल्या सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून आपलीच गोष्ट बघत होत्या, मध्येच जोरात हुंदके. माझ्या शेजारी बसलेल्या ताईंनी मला न विचारताच अर्धा सिनेमा समजावून सांगितला.

२०२४च्या नोव्हेंबरात त्याचा दुसरा भाग आला, 'हेलो, लव्ह, अगेन'. या वेळी कथा कॅनडातली, कारण नर्सिंग आणि केअरगिव्हरच्या कामासाठी लोक आता तिकडे जातात. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या दोन वाहिन्यांच्या चित्रपट कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. १०० कोटी पेसो ओलांडणारा तो पहिला फिलिपिनो सिनेमा ठरला, आणि पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेतल्या पहिल्या दहांतही आला. लोक जिथे पोट भरायला जातात तिथे कथा न्यायची आणि मग त्याच गावात सिनेमा लावायचा. असं डोळसपणे वितरण करणारे फार थोडे.

---

पुणेरी_प्रेक्षक

चर्चा छान चालू आहे, पण मला मूळ मुद्दाच पूर्ण पटत नाही. रोमकॉम स्थानिक असतो म्हणता, मग 'प्रिटी वुमन'चं काय? १९९०चा सिनेमा, जगभरात ४६ कोटी डॉलर, त्यातले अमेरिकेचे १८ कोटींच्या आत. म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त पैसा बाहेरून. अलका टॉकीज परिसरात त्या काळी इंग्रजी सिनेमे बघणाऱ्या आम्हा पोरांना लॉस एंजेलिसच्या रीतिभाती थोड्याच माहीत होत्या?

---

अनघा_लेस्टर

पुणेरी_प्रेक्षक, मुद्दा बिनतोड आहे. मी त्यात एवढंच घालीन, की 'प्रिटी वुमन' परदेशी गेला तो ज्युलिया रॉबर्ट्सच्या हसण्यावर आणि गरीब मुलीला राजकुमार मिळतो या जुन्या परीकथेवर. परीकथा सगळीकडे चालते. स्थानिक असतो तो विनोद.

आणि तारका मोठी असेल तर कंपनी परदेशाचाच विचार आधी करते. २०२२चा 'तिकीट टू पॅराडाइज' बघा. तीच ज्युलिया रॉबर्ट्स, आणि जॉर्ज क्लूनी. कथा बालीची, चित्रीकरण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला. सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि युरोपात लागला, अमेरिकेत थेट २१ ऑक्टोबरला. एकूण कमाई १६ कोटी ८० लाख डॉलर, त्यातले १० कोटी अमेरिकेबाहेरचे. अमेरिकेतली जाहिरात सुरू होईपर्यंत "बाहेर लोकांना आवडलाय" ही बातमी तयार होती.

याच्या नेमकी उलट युक्ती १९९४ला केली होती. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' अस्सल ब्रिटिश सिनेमा, खर्च तीस लाख पौंडांच्या आत. तो आधी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला, मग मार्चमध्ये तिथल्या फक्त पाच थेटरांत लावला, आणि हळूहळू वाढवत पहिल्या क्रमांकावर नेला. ब्रिटनमध्ये मे महिन्यात आणला तेव्हा जाहिरातीत ठळकपणे लिहिलं होतं, की हा अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा विनोदी सिनेमा. इथल्या लोकांना आपल्याच घरची गोष्ट अमेरिकेचा शिक्का मारून विकली. त्यातच लंडनच्या प्रीमियरला एलिझाबेथ हर्ली सिनेमाचा नायक ह्यू ग्रँटबरोबर तो सेफ्टी पिनांचा काळा वर्साची ड्रेस घालून आली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तोच फोटो. त्या एका संध्याकाळीची प्रसिद्धी कुठल्याही बजेटमध्ये विकत मिळाली नसती.

---

सोनचाफा

चीनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नोकरीनिमित्त शांघायला काही वर्षं होते.

तिथे प्रेमाच्या सिनेमाला तारखांची चैन आहे. १४ फेब्रुवारी, २० मे, पंचांगातला सातव्या महिन्यातला सातवा दिवस. त्यात ११ नोव्हेंबर हा एकट्या लोकांचा दिवस. २०११ साली तर ११-११-११ असा योग होता. त्याच आठवड्यात, ८ नोव्हेंबरला, प्रेमभंगाच्या ३३ दिवसांवरचा एक छोटा सिनेमा लागला. खर्च सुमारे ९० लाख युआन, कमाई ३५ कोटींच्या घरात. प्रसिद्धीसाठी त्यांनी वेगवेगळ्या शहरांत कॅमेरा नेला आणि सामान्य माणसांना आपापल्या प्रेमभंगाची गोष्ट सांगायला लावली. त्या फिती वेइबो या तिथल्या सोशल मीडियावर फिरल्या. नटनट्यांच्या मुलाखतींपेक्षा त्यांनी जास्त काम केलं. मूळ कथाही एका मुलीने इंटरनेटवर, अशाच एका चर्चेच्या ठिकाणी, भागाभागाने लिहिलेली होती. कोरियाचा २००१चा 'माय सॅसी गर्ल' असाच इंटरनेटवरच्या लिखाणातून आलेला. आपल्या इथे इतके लोक इतकं सुंदर लिहितात, निर्मात्यांनी इथेही डोकवावं असं फार वाटतं.

उलट 'क्रेझी रिच एशियन्स'. लेखक-दिग्दर्शकांनी नेटफ्लिक्सचा मोठा देकार नाकारून थेटर निवडलं. अमेरिकेत आशियाई वंशाच्या उद्योजकांनी पदरचे पैसे घालून पहिल्या आठवड्याचे अख्खे शो विकत घेतले, म्हणजे कोणी "आशियाई चेहऱ्यांना प्रेक्षक नाही" म्हणू नये. तिथे १७ कोटी ४० लाख डॉलर झाले. चीनमध्ये तो साडेतीन महिन्यांनी, ३० नोव्हेंबर २०१८ला लागला आणि पहिल्या तीन दिवसांत जेमतेम १२ लाख डॉलर. माझ्या ऑफिसातल्या मुलींना त्यात विशेष काही वाटेना. पडद्यावर सगळे आशियाई असणं ही अमेरिकेत मोठी गोष्ट होती. शांघायमध्ये तर प्रत्येकच सिनेमात तसं असतं. बाकी उरले ते सिंगापूरचे श्रीमंत, त्यांच्याशी यांना काय देणंघेणं.

---

थेटरवाला_काका

सोनचाफाताई, शेवटचं वाक्य अगदी पटलं.

---

निशिगंध_माद्रिद

अनघाताईंच्या बाजूने माझं एक मत. स्पेनमध्ये १४ मार्च २०१४ला 'ओचो आपेयिदोस बास्कोस' लागला. दक्षिणेतल्या सेव्हिलचा मुलगा, उत्तरेतल्या बास्क प्रांतातली मुलगी, आणि तिच्या बापासमोर हा आपण बास्क असल्याचं सोंग करतो. एवढीच गोष्ट. स्पेनमध्ये सुमारे ९५ लाख तिकिटं विकली गेली, साडेपाच कोटी युरोंहून जास्त कमाई, देशी सिनेमाचा विक्रम. निर्मिती एका मोठ्या दूरचित्रवाणी वाहिनीच्या चित्रपट कंपनीची होती, त्यामुळे बातम्यांपासून गप्पांच्या कार्यक्रमांपर्यंत सगळीकडे तोच. पण खरी प्रसिद्धी ऑफिसांत झाली, दक्षिणेकडचे आणि उत्तरेकडचे एकमेकांना चिडवायला लागले. बास्क प्रांताच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर जिथे कित्येक वर्षं रक्त सांडलं, तिथे लोक एकत्र बसून हसले, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि बाहेरच्या देशांत? जवळजवळ काहीच नाही. सेव्हिलच्या माणसाचे उच्चार ऐकून जे हसू फुटतं ते सबटायटलमध्ये कसं उतरणार.

मला तो बघताना सारखा 'मुंबई-पुणे-मुंबई' आठवत होता. २०१०च्या जूनमध्ये आला, दोन पात्रं, पुण्यातला एक दिवस. मुंबईकर-पुणेकर चिडवाचिडवी ज्याला ठाऊक त्याला प्रत्येक वाक्य लागू. पुढे त्याचं हिंदीत 'मुंबई दिल्ली मुंबई' झालं, २०१४ला. शहर बदललं तशी ती नेमकी चिडवाचिडवी गेली, आणि माझ्या मते जीवच गेला.

---

मिलिंद_एडिसन

निशिगंध, 'मुंबई-पुणे-मुंबई'चा दुसरा भाग २०१५च्या दिवाळीत आला तेव्हा आमच्या मंडळाने इथे शो लावला होता. तो अनुभव लिहितो, कोणाला उपयोग होईल.

परदेशात मराठी सिनेमा "लागत" नाही, लावावा लागतो. आधी वितरकाशी बोलायचं. तो एक तर ठराविक रक्कम मागतो किंवा तिकिटात भागीदारी. मग स्थानिक थेटराकडून रविवारचा एक स्क्रीन भाड्याने घ्यायचा, शनिवारी संध्याकाळी ते देत नाहीत. सिनेमाची फाइल येते ती कुलूपबंद. तिची किल्ली, ज्याला केडीएम म्हणतात, वेगळी पाठवतात आणि ती त्या थेटराच्या त्याच यंत्राला, ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. एका शोला आमची किल्ली उघडेना, भारतात रात्रीचे अडीच वाजलेले. फोन उचलणारा सापडेपर्यंत दोनशे माणसं लॉबीत चहा पीत उभी. कोणीही परत गेलं नाही!

प्रसिद्धी सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर. ढोलताशा पथकाचा गट, मराठी शाळेच्या पालकांचा गट, भिशीचा गट. पोस्टरपेक्षा "आम्ही दोघं येतोय, तुम्ही?" हा निरोप जास्त तिकिटं विकतो. एकच विनंती निर्मात्यांना: भारतातली तारीख ठरताच आम्हालाही कळवा. तीन आठवड्यांनी सिनेमा आला की तोवर अर्ध्या लोकांनी तो कुठेतरी चोरून बघितलेला असतो.

---

ओवी२२

फ्रान्समध्ये कोणी आहे का इथे? तिकडचे नियम खूप कडक आहेत असं ऐकलं होतं.

---

अनघा_लेस्टर

ओवी, माझी नणंद लिऑंला आहे, त्यामुळे थोडं ठाऊक आहे. तिथे नवा सिनेमा बुधवारी लागतो, कारण शाळांना बुधवारी दुपारी सुट्टी असायची. टीव्हीवर सिनेमाची जाहिरात करायला २०२०पर्यंत बंदीच होती, म्हणजे लहान सिनेमे पैशाच्या जोरावर चिरडले जाऊ नयेत. त्यामुळे मेट्रोतली पोस्टरं, रेडिओ आणि समीक्षकांचं मत यांना तिथे अजूनही वजन आहे. 'आमेली' २००१च्या एप्रिलमध्ये आला तो असाच, पोस्टरवरचा तो हिरवा-लाल रंग आणि तिचे डोळे. कान चित्रपट महोत्सवाच्या निवड समितीने तो घेतला नव्हता, तरी देशभर धो धो चालला आणि नंतर अमेरिकेतही फ्रेंच भाषेतल्या सिनेमाचा कमाईचा विक्रम त्याने केला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थेटरात लागलेला सिनेमा ओटीटीवर कधी यावा हेही तिथे करारानेच ठरतं. २०२२च्या करारात नेटफ्लिक्ससाठी पंधरा महिने ठरले होते. आपल्याकडे हिंदीला आठ आठवडे, त्यामुळे "जाऊ दे, दोन महिन्यांत घरी येईलच" म्हणणारे वाढले. फ्रान्समध्ये तसं म्हणायची सोयच नाही.

मिलिंद, त्या केडीएमच्या रात्रीबद्दल सविस्तर वेगळा धागा काढा. आमचं इथलं मंडळ जूनमध्ये पहिल्यांदाच शो लावणार आहे. थेटराशी बोलणं झालंय, वितरकाशी दर ठरायचाय. ठराविक रक्कम घ्यावी की भागीदारी, तुमचा सल्ला हवाय.

---

मिलिंद_एडिसन

पहिल्यांदाच असेल तर भागीदारी घ्या. ठराविक रकमेत खड्डा पडला तर मंडळाच्या गणपतीच्या पैशांना हात लागतो आणि मग पुन्हा शो लावायला समिती तयार होत नाही. किल्लीची वेळ शोच्या आदल्या दिवसापासून सुरू होईल अशी मागून घ्या, आणि सकाळीच दहा मिनिटं चालवून बघा. धागा या रविवारी काढतो.